लेकुरवाळीवर गळ

खाणीच्या तळ्यावर कायदा एकच होता आणि तो कारखान्यात लेथ चालवलेल्या टर्नरनं केलेला होता. पिलं घेऊन फिरणाऱ्या मरळीवर गळ टाकायचा नाही. बाकी काय हवं ते करा. बिड्या फुंका, शिव्या द्या, घरी ओव्हरटाइम सांगून इथे येऊन झोपा, कुणी विचारणार नाही. पण लेकुरवाळीवर गळ पडला की टर्नर आपली जागा सोडून उठायचा, त्या माणसाच्या हातातून रॉड काढून घ्यायचा आणि गुडघ्यावर काडकन मोडायचा. इलेक्ट्रिशियनचा मोडला होता, नवाकोरा. तेव्हापासून इलेक्ट्रिशियन त्याच्याशी बोलत नव्हता. तळ्यावर मात्र यायचा. जाणार कुठे? गावाबाहेरच्या या बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साठलं नसतं, तर या सगळ्यांना रविवारी घरी बसून बायकांची तोंडं बघावी लागली असती.

"हा तळं राखत नाही रे, बाळंतिणींचा दवाखाना चालवतो," न्हावी म्हणायचा. न्हावी म्हणजे टर्नरचा लंगोटीयार. एकदा अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून तळ्यावर आलेला माणूस. त्याच्या बोलण्याचा राग कुणी धरत नसे.

मरळ हा काही गरीब मासा नाही. काळीकुट्ट, हातभर लांब, सापासारखं डोकं आणि तोंडभर दात. पाण्यात राहून हवेवर जगते. मधूनच वर येऊन घोट घेते आणि पुन्हा लव्हाळ्यात गडप होते. बेडूक गिळते, उंदीर गिळते. गळाला लागली तर मनगट दोन दिवस आठवण काढतं. पण लागेल तर शपथ! पोट भरलेलं असलं, की तुम्ही गळाला लावलेला रबरी बेडूक तिच्या नाकासमोर दिवसभर नाचवा, ती खाली पडून तुमच्याकडे बघत राहील.

एकदाच ती हमखास फसते. उन्हं तापली, की तिची पिलं फुटतात. लालभडक, तांदळाएवढी, शेकडो. त्यांचा गोळा पाण्याच्या वरच्या थरात बुडबुडत फिरतो आणि नर-मादी दोघं खालून पहारा देतात. त्या गोळ्यातून बेडूक ओढत नेला, की मरळ येते. खायला येत नाही, हाकलायला येते. आता माशाला काही हात नसतात. हाकलायचं म्हटलं तरी तोंडच उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की गळ आत. मरळ वर, पिलं मागे. मग तळ्यातली हरेक क्षुद्र चिलापी मासळी येऊन ती टिपून खाते. याला जे खेळ म्हणतात, त्यांच्या तोंडावर टर्नर थुंकत असे.

हे सगळं त्यानं आपल्या लेकीला ती खांद्यावर बसण्याएवढी असताना दाखवलं होतं. आता ती लेक स्वतःची लेक घेऊन त्याच्या घरी परत आली होती.

नवऱ्याला सोडून आली होती. गल्लीत कुणी विचारलं तर टर्नर "थोडे दिवस आलीय" म्हणायचा, आणि ते थोडे दिवस संपता संपत नव्हते. जावयाचं फरशीचं दुकान होतं. माणूस गोड बोलायचा, दारू पीत नव्हता, मारत नव्हता. मारत नाही एवढ्या भांडवलावर या जगात किती नवरे चांगले म्हणून खपतात, त्याची गणती कुणी करत नाही. हा बायकोचा फोन कपाटात घालून किल्ली खिशात ठेवायचा. शेजारणीशी हसून बोलली म्हणून एकदा तिला जिन्यात उभं केलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी उघडलं आणि म्हणाला, "जेवायला वाढ." आवाज चढवला नाही. कधीच चढवत नसे.

"पण हात नाही ना उचलला?" टर्नरनं विचारलं होतं.

लेकीनं पोरीचे केस विंचरायला घेतले.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये लागली. दिवसभर ती कामाला आणि टर्नर, कारखान्यातून निवृत्त झालेला, नातीपाशी. नातीला सगळे ठमी म्हणत. पुढच्या खोलीत भिंतीवर आजोबाचे रॉड टांगलेले, त्यांच्याखाली मायलेकींची गादी. ठमी रबरी बेडकाला "बेडूकराव" म्हणायची आणि त्याच्या गळाच्या टोकांवर बुचाचे तुकडे खोचून त्याला आंघोळ घालायची. लेकीचं एकच सांगणं होतं. रोज निघताना दारात चप्पल घालता घालता सांगायची, "बाबा, हिला कुणाबरोबर पाठवायचं नाही. कुणाबरोबरच नाही."

"अगं, मी काय पाळणाघरातली बाई आहे का? कळतं मला."

नवऱ्यानं आधी निरोप धाडले. मग स्वतःच्या मावशीला धाडलं. मग साडी, मग घड्याळ, मग ठमीला सायकल. लेकीनं सगळं जसंच्या तसं परत केलं. मग एका रविवारी तो स्वतः आला. तिच्याकडे नाही. तळ्यावर. नवा रॉड, नवी टोपी, बूट चिखलात रुतलेले.

"मामा," सासऱ्याला वाकून म्हणाला, "आम्हाला पण शिकवा की. दुकानात बसून बसून पोट सुटलं."

टर्नर विरघळला. त्याला मुलगा नव्हता. लेथवर आयुष्य गेलं, पण त्याच्याकडून काही शिकायचंय असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. साहेब लोक कामाचे तुकडे उचलून न्यायचे, त्याच्याकडे बघायचेही नाहीत. आणि इथे फरशीच्या दुकानाचा मालक मांडी घालून समोर बसला होता. "या जावईबापू, या," टर्नर म्हणाला आणि आपली सावलीतली जागा सोडून सरकला.

न्हाव्यानं ते पाहिलं. "आज सूर्य कुठून उगवला? स्वतःच्या बापाला दिली नसती यानं ती जागा."

जावई येत राहिला. दोरा कसा बांधायचा, बेडूक गवतावरून कसा उड्या मारत आणायचा, मरळीनं झडप घातली की लगेच झटका का द्यायचा नाही, सगळं त्यानं नीट ऐकलं. तो ऐकायचा फार चांगलं. मान हलवायचा, पुन्हा विचारायचा, विसरायचा नाही. पण मासा काही लागेना. टर्नरला लागायचा, न्हाव्याला लागायचा, जावयाचा बेडूक कोरडाच्या कोरडा परत यायचा.

"काय हवंय काय हिला?" जावई एकदा वैतागून म्हणाला. "सगळं दाखवून झालं. हिरवा झाला, पिवळा झाला."

"भूक नाहीये तिला," टर्नर म्हणाला. "भूक नसली की सोन्याचा बेडूक टाका, ती हलायची नाही."

"मग अशीला आणायचं तरी कसं?"

टर्नरनं लव्हाळ्याकडे पाहिलं. इथेच तो गप्प राहिला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गल्लीतल्या बायकांचे प्रश्न होते. निवृत्तीनंतरचा निवांतपणा नातीमागे धावण्यात चालला होता. हा माणूस खूश झाला, चार लोकांत आपल्याशी मुलासारखा वागला, की आज ना उद्या लेकीचंही मन वळेल, असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे लेक परत गेली तर बरं, असंच त्याला वाटत होतं. हे तो स्वतःशीही कबूल करत नसे.

"एक युक्ती आहे," तो म्हणाला. "पण इथे चालत नाही ती."

"कुणाला चालत नाही?"

"मला."

जावई हसला. "मग तुमचीच परवानगी लागेल, मामा. दुसऱ्या कुणाची नाही ना?"

लव्हाळ्याच्या कडेला, उथळात, ताटाएवढा लाल गोळा बुडबुडत होता. टर्नरला तो सकाळपासून दिसत होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि बोट केलं. "गोळ्याच्या पलीकडे टाका. हळूहळू पिलांतून ओढत आणा. ती खायला नाही येणार, चिडून येईल. पण येईल. भूक असो, नसो."

"हमखास?"

"हमखास. आणि लगेच ओढू नका. तिला वाटू द्या की आपण हाकललं. तोंड मिटू द्या. दम धरायचा. मग ओढायचं."

बेडूक पिलांत शिरला. पाणी फाटलं. धरणाचा दरवाजा आपटावा तसा आवाज झाला. "थांबा," टर्नर म्हणाला, "थांबा... आता!" रॉड वाकून कमान झाला, जावयाचे बूट घसरले, टर्नरनं त्याचा कमरपट्टा मागून धरला आणि दोघांनी मिळून ती बाहेर काढली. एवढी मरळ त्या तळ्यात कुणी धरली नव्हती. तोंड उघडमीट करत ती खडकावर पडली आणि टर्नर लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता.

न्हावी उठून आला. मासा बघितलाच नाही त्यानं. पाण्याकडे बघत राहिला. गोळा विस्कटला होता. खालून चिलाप्या सुटल्या होत्या. दुसरी मरळ, जी मागे उरली होती, ती इकडून तिकडे पाणी कापत वेड्यासारखी फिरत होती.

"मोड रॉड," न्हावी म्हणाला.

"अरे, जावई आहे."

"असं होय! म्हणजे इलेक्ट्रिशियननं तुझी पोरगी केली असती, तर त्याचाही रॉड वाचला असता."

टर्नरचा चेहरा उतरला. जावई मात्र पाण्याकडे बोट करून म्हणाला, "एवढं काय त्यात? एक गेलं तरी दुसरं आहे की सांभाळायला. एकानं सांभाळलं तरी पिलं वाढतात." आणि मासा उचलून त्यानं फोटो काढून घेतला.

तो फोटो संध्याकाळपर्यंत लेकीपर्यंत पोचला. गावात फोटो पायी फिरत नाहीत. ती ओट्यापाशी उभी राहून बघत होती, नखांत प्लॅस्टरची पांढरी पूड.

"कुठे लागली ही?"

"लव्हाळ्यापाशी."

"उथळात? या दिवसांत?" तिनं फोन खाली ठेवला. "पिलं होती?"

टर्नर नातीच्या बुटाची नाडी सोडवत बसला. नाडी सुटलेलीच होती.

"बाबा, तुम्ही दाखवलंत त्याला?"

"आता एक मासा, त्याचं एवढं..."

"माशाचं नाही बोलत मी." ती जवळ येऊन बसली. आवाज चढवला नाही तिनं. ती सवय तिला त्या घरानं लावली होती. "त्याला काही शिकवत जाऊ नका. तो शिकतो."

टर्नरला राग आला. खरं बोललेल्याचा येतो तसा. "तुझं आपलं काहीतरीच! नवरा माणूस चार पावलं पुढे येतोय आणि तू चाळीस मागे. मी किती दिवस पुरणार आहे तुला?"

ती उठली आणि पोरीला ताट वाढायला गेली. त्या रात्री ठमी तेवढी बेडूकरावाशी बोलत होती.

बुधवारी दुपारी जावई घरी आला. लेक कामावर. दारातच उभा राहिला, आत यायचाही आग्रह करू दिला नाही. हातात लहानसा रॉड, खेळण्यातला, गुलाबी.

"मामा, ठमीला जरा चक्कर मारून आणतो. आईस्क्रीम खाऊ घालतो. तिची आई यायच्या आत परत."

टर्नरला दारातलं सांगणं आठवलं. आठवलं नाही असं कुणी म्हणू नये. आठवलं, आणि त्याच क्षणी समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती हेही त्याला दिसलं. बापाला त्याची पोर देत नाही असा तमाशा दारात कसा करायचा? आणि रविवारी खांद्याला खांदा लावून मासा ओढला त्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

"लवकर या हं," तो म्हणाला. पोरीच्या पायात बूट त्यानंच घातले. नाड्या त्यानंच बांधल्या, घट्ट. "आजोबा, बेडूकराव पण येऊ दे?" ठमीनं विचारलं. "येऊ दे," तो म्हणाला.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी कुणी आलं नाही. टर्नरनं फोन लावला.

"हां मामा," जावई नेहमीसारखा गोड. "ठमी आता इथेच राहील. तिच्या घरी. आईला सांगा तिच्या."

"अहो, असं काय करता? ती चिडेल."

"चिडू द्या की. चिडूनच येते, तुम्हीच म्हणालात ना? भूक असो, नसो." तो हसलाही नाही. शिकवलेलं नीट म्हणून दाखवणाऱ्या विद्यार्थ्यासारखा बोलला. "मी फोन करणार नाही तिला. मी दम धरतो."

टर्नर पायात घरातलीच चप्पल घालून लॅबकडे धावला. लांबट खोली, खिडकीपाशी बाक, बाकावर ओळीनं मांडलेल्या कवळ्या कुणाकुणासाठी हसत बसलेल्या. लेक स्पिरिटच्या दिव्यावर पातं तापवून मेणाची हिरडी कोरत होती. बापाला धापा टाकताना पाहिलं आणि तिला सांगावं लागलं नाही. तिनं दिवा विझवला. पातं जागेवर ठेवलं.

"मी सांगतो त्याला," टर्नर म्हणाला. "मी येतो. आपण पोलिसांत जाऊ."

"जाऊ की. ते म्हणतील पोर बापाकडे आहे, हरवलीय कुठे? या तारखेला या, त्या तारखेला या. तोवर ती कुणाजवळ झोपणार? अंधाराला भिते ती." एप्रनची गाठ सुटेना. तिनं ती तशीच ठेवली.

"अगं, पण तो मुद्दाम करतोय. तू यावीस म्हणून. गळ आहे हा!"

दारात ती वळली.

"मला दिसत नाही का, बाबा? मरळीला तरी दिसत नसेल? तिला काय खरा बेडूक आणि रबराचा बेडूक कळत नाही?" तिचा श्वास लागला होता. "तुम्ही एवढी वर्षं तिला बावळट समजत आलात."

तो मागे निघाला. "तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "तुमचं काम झालंय." आणि गेली, एप्रनसकट.

दुसऱ्या दिवशी टर्नर तिच्या दारात गेला. जावयानं हसून दार उघडलं. "या मामा, चहा घ्या." नवी फरशी, चकचकीत, पाय घसरावा अशी. ठमी बेडूकरावाला घेऊन कोपऱ्यात. लेक चहा घेऊन आली, कप ठेवला.

"लॅबमध्ये सांगून टाका," ती खाली बघून म्हणाली, "मी येत नाही म्हणून."

तिचा फोन कुठे आहे हे त्यानं विचारलं नाही. कपाटाला किल्ली नव्हती. ती जावयाच्या बोटात फिरत होती.

रविवारी तो तळ्यावर गेला. रॉड नेला नाही. सावलीतल्या जागेवर न्हावी होता. तो सरकला नाही. लव्हाळ्याच्या कडेला तो गोळा अजून होता. ताटाएवढा होता, आता वाटीएवढा उरला होता, आणि त्याच्याखाली एकटी मरळ. समोरच्या खडकावर इलेक्ट्रिशियन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं त्याच दिशेनं बेडूक तोलला.

"ए!" टर्नर म्हणाला.

"बोला." इतक्या दिवसांनी इलेक्ट्रिशियन त्याच्याशी बोलला. "जावयाला शिकवता, आम्हाला नाही? आम्ही काय पाप केलंय?"

कुणी हसलं. टर्नरचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो कपड्यांनिशी पाण्यात उतरला. गुडघ्याएवढं, मांड्यांएवढं. गोळ्यापाशी जाऊन तो आडवा उभा राहिला, इलेक्ट्रिशियनकडे तोंड करून.

"वेडा झाला रे हा," न्हावी उठला. "बाहेर ये!"

पाणी फाटलं. मरळीनं त्याच्या पोटरीचा लचका तोडला. टर्नर कळवळला, पण हलला नाही. भोवतालचं पाणी लाल झालं. ती वळून पुन्हा आली आणि त्याच जागी दुसऱ्यांदा चावली.

"अरे, तिला काय माहीत तू कोण ते!" न्हावी ओरडला.

टर्नरला वाटलं, तिला चांगलंच माहीत आहे.

इलेक्ट्रिशियन खडकावर बसला, रॉड मांडीवर आडवा ठेवला, बिडी पेटवली. त्याला घाई नव्हती. "उभे राहा," तो म्हणाला. "किती वेळ राहता बघू."

ऊन कलेपर्यंत टर्नर उभा होता. मग पायातलं बळ गेलं. न्हाव्यानं त्याला बगलेत धरून काठावर ओढलं आणि आपला पंचा त्याच्या पोटरीला गुंडाळला. दोघं कच्च्या वाटेनं वर चढत असताना मागे पाण्यात काहीतरी टपकन पडलं. मग धरणाचा दरवाजा आपटावा तसा आवाज झाला.

न्हावी वळला. टर्नर वळला नाही.

"थांबलाय तो," न्हावी म्हणाला. "ओढत नाहीये अजून."